जेरेचा सभ्यपणा

रविवारी सकाळी जेरे माझ्याशी सभ्यपणे बोलला, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. चिपाटाहून त्याने हौशी रेडिओवर मोर्समध्ये मला पाच-नऊ-नऊ दिलं, म्हणजे वाचायला स्वच्छ, जोर भरपूर, सूर निर्मळ. मग ‘पुन्हा हवेत आलात, आनंद झाला, बाना लोम्बे, प्रकृतीला जपा’ असं पाठवलं आणि शुभेच्छा देऊन निघून गेला. बस्स. माकडाचं नाव नाही, शेपटीचा उल्लेख नाही. मी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर एरिअलच्या तारेकडे पाहत बसले. तारेवर एक पक्षी बसला होता, तोही सभ्य वाटला.

मी बेंबा जमातीची, जेरे न्गोनी जमातीचा. आमच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले, आणि मग दमून ठरवलं की यापुढे फक्त जिभा चालवायच्या. तेव्हापासून न्गोनी आम्हाला माकडं खाणारे म्हणतात आणि आम्ही त्यांना उंदीर खाणारे. बँकेत, बसमध्ये, मंत्र्यांच्या भाषणात, कुठेही. याचा राग धरायचा नसतो. राग धरला तर नातं तुटतं. माझा नवरा गेला तेव्हा जेरे एवढ्या लांबून आला, शवपेटीशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हा बेंबा आयुष्यभर प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचला, आज पहिल्यांदा वेळेआधी निघाला. बायका रडता रडता हसल्या. मीही हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. म्हणजे मेलेल्या माणसालाही जी टिंगल आमच्याकडे हक्काने मिळते, ती मला जिवंतपणी मिळाली नव्हती. मी याचा अर्थ लावायला बसले, आणि जो अर्थ लागला तो मला आवडला नाही: माझा वाजवण्याचा हात गेला आहे. जेरेने ऐकलं, त्याला कीव आली, आणि कीव आली की माणूस सभ्य होतो.

माणसांचं देणंघेणं मनात मांडून ठेवायची मला खोड आहे. कोणी किती गोड बोललं आणि त्याच्या बदल्यात काय मागितलं, हे माझ्या डोक्यात आपोआप दोन बाजूंना पडत जातं. मी हवेत परतल्यापासूनचं पाहिलं तर एक बाजू फुगून वर आलेली. मुलगी लोम्बे, जिच्यावरून मला बाना लोम्बे, लोम्बेची आई, म्हणतात, ती म्हणाली, आई, तू काय छान वाजवतेस. तिला टिंब आणि रेघ यांतला फरक कळत नाही. लुसाकाच्या रेडिओ क्लबातली तरुण मंडळी म्हणाली, मायो, म्हणजे आई, तुम्ही आमची शान आहात. त्यांनी माझा फोटो काढून भिंतीवर लावला. फोटोत मी मोर्स वाजवायच्या खटक्यावर हात ठेवून हसते आहे आणि खटक्याची वायर कुठेच जोडलेली नाही. हवेत जो भेटला त्याने पाच-नऊ-नऊ दिलं. पण ते तर सगळेच सगळ्यांना देतात, ती या छंदातली रीत आहे. समोरचा विहिरीच्या तळातून कुजबुजत असला तरी पाच-नऊ-नऊ म्हणायचं आणि पुढे जायचं. जसं आमच्याकडे, कसे आहात, तर बरं आहे. घरात प्रेत असलं तरी बरं आहे. एवढी सगळी जमा, आणि त्यात खणखणीत असं एकही नाणं नाही. खरं बोलायचा हक्क या सगळ्या जगात एकट्या जेरेला होता, आणि तोही ‘प्रकृतीला जपा’ म्हणाला.

परतायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. गेल्या कोरड्या हंगामात धरणात पाणी उरलं नाही आणि शहराची वीज दिवसचे दिवस जाऊ लागली. शेजारी शिव्या देत होते, फ्रिजमधलं मांस वाटून टाकत होते. मी शेगडीवर न्शिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, पाणी ठेवलं होतं आणि जुन्या ट्रान्झिस्टरवर बातम्या शोधत होते. वीज गेली तशी त्या रेडिओतली खरखर एकदम विझली. आपल्याला वाटतं ती खरखर आकाशाची असते. ती आकाशाची नसते. ती शेजाऱ्यांच्या चार्जरांची, दिव्यांची, टीव्हीची असते. ती गेली आणि मागे एवढी मोठी, धुतलेली शांतता उघडी पडली की मला दार उघडल्यासारखा गारवा लागला. त्या शांततेत कुणीतरी धापा टाकत होतं. सुराशिवाय, नुसता श्वास: लांब, आखूड, लांब, आखूड. मी कणकीसारखा पिठाचा गोळा लाकडी चमच्याने घोटत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी ऐकत नाहीये, वाचते आहे. कुणीतरी, कुठूनतरी, कोणालाही हाक मारत होतं. ‘कोणी आहे का, कोणी आहे का.’ मी उठून उभी राहिले. शेगडीसमोर, चमचा हातात धरून, शाळेत हजेरीला उभं राहावं तशी. न्शिमा करपली, आणि त्याच आठवड्यात मी क्लबाकडून एक जुना सेट उसना आणला.

किटवेला, खाणींच्या शहरात, तार ऑफिसात होते तेव्हा मी तरुण होते आणि उद्धट होते. खाणीतल्या विजेच्या कारखान्यात काम करणारी माणसं संध्याकाळी एका हॉलमध्ये जमत, घरी जुळवलेले सेट घेऊन. तिथे मी गेले ती पहिली बाई. जेरे तिथे आधीपासून होता. मी खटक्यावर बसले तेव्हा तो मागे उभा राहून सगळ्यांना म्हणाला होता, सरका, सरका, माकड झाडावर चढतंय, फळं पडतील. मी एवढ्या वेगाने वाजवलं की त्यालाच निम्मं उतरवून घेता आलं नाही. त्यानंतर त्याने मला कधी सोडलं नाही. या छंदात बाई कितीही म्हातारी झाली तरी तिला हवेत ‘तरुणी’च म्हणतात, जेरे तेवढाच मला ‘म्हातारे’ म्हणायचा, तेही मी पंचविशीची असताना. मग नवऱ्याची बदली झाली, लुसाका, मुलं, शाळा, आजारपणं. सेट बरोबर आणला होता. त्यावर आधी फुलदाणी आली, मग टीव्ही आला, मग एक दिवस टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि खालचं ते लोखंडी खोकं कोणी नेलं हेही मला आठवत नाही. त्याचं दुःख झालं असं म्हणता येणार नाही. हातपाय चालू असले की माणसाला कशाकशाची आठवण होत नाही.

रविवारच्या त्या सभ्यपणानंतर मी लोम्बेचा फोन मागून घेतला आणि हवेत काही न सोडता नुसता खटका वाजवून ते ध्वनिमुद्रित केलं. मुद्दाम माझी नेहमीची वाक्यं नाही घेतली. वर्तमानपत्र समोर धरून त्यातला मजकूर वाजवला. एक रात्र जाऊ दिली. सकाळी चहा, भाजलेलं रताळं, आणि फोन कानाला. पहिली ओळ बरी होती, म्हणजे मला वाटलं की बरी आहे. दुसऱ्या ओळीत टिंबं एकमेकांना चिकटली. पुढे रेघा मध्येच लंगडू लागल्या, दोन अक्षरांमधली फट बुजली, आणि मग एक नुसता आवाज उरला, पत्र्यावर कोंबडी चालावी तसा. मी तो पुन्हा ऐकला. वर्तमानपत्र समोर न घेता मला माझाच मजकूर लागेना. रताळं बाजूला ठेवलं. हाताची बोटं टेबलावर पसरून पाहिली. सांधे सुजलेले, मधल्या बोटाला जरा बाक. ही बोटं तिशीतल्या बाईच्या वेगाने पळत होती आणि मी त्यांच्यावर खूश होते. लोम्बे आत आली आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, बरं आहे.

हळू वाजवणं हे नवशिक्याचं काम, असं किटवेत आम्ही मानत असू. जो हळू वाजवतो त्याला थांबून, वेग उतरवून उत्तर द्यायचं, ही सभ्यता होती. पण आपणच हळू वाजवायचं म्हणजे भर बाजारात काठी टेकत चालायचं. मला काठीही नको होती आणि कीवही नको होती. पण पत्र्यावरची कोंबडी मला दिवसभर ऐकू येत राहिली; बसमध्ये, चर्चमध्ये, बायका टोमॅटोचे ढीग रचत बसतात तिथे. शेवटी मी शेगडीपाशी उभी राहिले आणि लाकडी चमच्यानेच सुरुवात केली. घोटताना मनगट फिरतं, बोटं फिरत नाहीत. पीठ घट्ट असतं, घाई केली तर गुठळ्या होतात. तेवढ्याच चालीने खटक्यावर. बोटं गप्प, मनगट चालू. मला लाज वाटत होती, खोलीत कोणी नसताना. मग एक दिवस ध्वनिमुद्रण ऐकताना माझा हात आपोआप कागदावर लिहीत गेला, न अडता, शेवटपर्यंत. अक्षरं जाड होती, संथ होती, पण प्रत्येकाला कडा होती. तेव्हा मी जी फुगले ती अजून उतरलेली नाही.

आफ्रिका खंडाच्या वार्षिक स्पर्धेसाठी क्लबाने शहराबाहेर एका शेतावर ठाणं उभारलं होतं. जास्तीत जास्त परदेशांशी बोलायचं, एकमेकांना ठरलेले आकडे द्यायचे-घ्यायचे, प्रत्येकाचे गुण. क्लबाचा म्होरक्या म्विंगा, टोंगा जमातीचा मुलगा, मोबाइल कंपनीत इंजिनिअर, हुशार आणि इतका आदबशीर की त्याच्याशी बोलून झाल्यावर आपण मेलोबिलो तर नाही ना, असं वाटतं. त्याने मला सुरुवातीची पंधरा मिनिटं दिली होती. दुपारची, लहरींचा पट्टा रिकामा असतो ती वेळ. फोटो निघणार होता. मी म्हटलं, दिवस कलतानाची वेळ दे. म्विंगाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या वेळी दूरचेही ऐकू येतात आणि जवळचेही, शेकडो लोक एकदम तुटून पडतात. सगळे गुण तेव्हाच. त्याने ऊन, पाठ, रक्तदाब, माझं जेवण अशी लांबून सुरुवात केली. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं,

“म्विंगा, तू मला नाही म्हण. सरळ म्हण, मायो, तुम्हाला जमणार नाही. मी गुपचूप बाहेर बसून शेंगा खाईन.”

तो जमिनीकडे पाहू लागला. वडीलधाऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणणारा टोंगा अजून जन्माला यायचा आहे, हे मला ठाऊक होतं. इतके दिवस ज्या आदबीने मला भिंतीवर टांगून ठेवलं होतं, तिचा मी निदान एकदा तरी उपयोग करून घेतला. तो म्हणाला, ठीक आहे, पण मी शेजारी बसेन, नोंदी कॉम्प्युटरवर मी करेन. म्हणजे त्याच्याही कानांवर हेडफोन असणार, आणि माझा हात घसरला की माझ्या जागी बसायला तो हळूच खुर्ची ओढणार. मी म्हटलं, बस बाबा.

ऊन तिरकं झालं. शेतात कुणी गवत जाळलं होतं, त्याचा वास खोलीत येत होता. मी हाक दिली, माझ्या चालीने. न्शिमाच्या चालीने. कानात नुसती हवेची सळसळ. म्विंगाने घसा साफ केला. पुन्हा हाक दिली. एक कुणीतरी युरोपातला, आगगाडी गेल्यासारखा येऊन आदळला, इतका वेगात की किटवेतली मीसुद्धा चरकले असते. बोटांना जुनी खाज सुटली: पळा याच्यामागे. मी मनगट टेबलावर टेकवलं आणि त्याला त्याचं नाव विचारलं, संथ, एकेक अक्षर ठेवत. आणि मग तो आला, निम्म्या वेगाने. आगगाडीतून उतरून शेजारी चालू लागल्यासारखा. मी आकडे दिले, त्याने आकडे दिले, धन्यवाद, पुढचा. त्याच्यामागे जे आले ते आधीच हळू होऊन आले. त्यांनी ऐकलं होतं. फिनलंड, जपान, ब्राझील, एक बेटावरचा. घाईघाईने जगभर गुण गोळा करत सुटलेली ती सगळी माणसं माझ्या उंबऱ्याशी आली की पाय पुसत होती. मला कोणी एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणालं नाही. म्विंगाच्या हे लक्षात आल्याचं मला त्याच्या श्वासावरून कळलं. माझ्या आधी बसलेल्या गड्याला दर तिसऱ्या माणसाला आकडे परत द्यावे लागत होते; तो पळत होता आणि परत परत मागे जात होता. मी एकदाच जात होते. म्विंगाने पडद्यावर काहीतरी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला तोंडातून आदबीचा शब्द काढला नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि जोरात टाइप करू लागला. माझ्या मनातल्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला पहिली खरी नोंद पडली.

खिडकीतलं आभाळ तांबूस झालं तेव्हा गर्दीच्या तळाशी मला एक बारीक सूर लागला. पहिली रेघ ओढत ओढत, चप्पल घासत यावं तशी. ठाण्याची खूण, कॉलसाइन, पूर्ण व्हायच्या आत मी ओळखलं. म्विंगाने माझ्या कोपराला हात लावला.

“मायो, देशातलाच आहे. आपल्या देशाला शून्य गुण. सोडा त्याला, जपानी थांबलेत.”

मी जेरेला आकडे दिले. त्याने परत मागितले. पुन्हा दिले. त्याने परत मागितले. तिसऱ्यांदा दिले, आणि माझ्या छातीत ती कोंबडी पत्र्यावर चालू लागली: झालं, घसरला हात, आता म्विंगा खुर्ची ओढेल. पण म्विंगा हलला नाही. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, आणि पुटपुटला की मायो, तुमचं तर स्वच्छ जातंय. तेव्हा मला जेरे दिसला. चिपाटातल्या त्या खोलीत, कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी डोक्याशी दाबून धरलेला, तोंड अर्धवट उघडं, चर्चमधल्या मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांसारखा. त्याला ऐकू येत नव्हतं. माझ्या पुढे दोन वाटा होत्या. पाच-नऊ-नऊ, प्रकृतीला जपा, पुढचा. म्विंगा खूश, जपान खूश, जेरेची अब्रू शाबूत. मी वेग उतरवला. आणखी उतरवला, इतका, की दोन अक्षरांमध्ये माणूस बसून उठला असता. आणि बेंबात पाठवलं:

“उंदीर. खायचा. असतो. कानात. नाही. घालायचा.”

म्विंगाचे हात कळफलकावर थांबले. त्यालाही बेंबा येतं. सगळा पट्टा गप्प होता. कोणी बोलत असलं की बाकीच्यांनी थांबायचं, हीसुद्धा रीतच. फिनलंड थांबला होता, ब्राझील थांबला होता, आणि मी दिवसातल्या सगळ्यात मोलाच्या वेळी, शून्य गुणांसाठी, एका म्हाताऱ्या न्गोनीचा अपमान करून उत्तराची वाट पाहत होते. एवढा वेळ लागला की मला वाटलं, तोडलं मी. ते नातं, जे पणजोबांनी इतकं रक्त सांडून कमावलं, ते मी या खुर्चीत बसून तोडलं.

मग तो सूर आला, पहिली रेघ ओढत.

“कळलं, म्हातारे. प्रत्येक अक्षर कळलं. कान गेले माझे. त्या रविवारी तुझ्या नावापुढचं एकही अक्षर लागलं नाही. म्हणून शहाण्यासारखा वागलो.”

मी वाचलं, मग मनात पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे तो निकाल नव्हताच. तो माझा हात तोलत नव्हता. तो आपले कान लपवत होता, आणि मी त्या सभ्यपणाच्या धाकाने रोज शेगडीपाशी उभी राहून पुन्हा बालवर्गापासून शिकले होते. माझ्या हिशेबाच्या डोक्याला ही नोंद कोणत्या बाजूला टाकावी ते सुचेना. म्विंगा माझ्याकडे पाहत होता. भिंतीवरच्या फोटोकडे पाहतात तसा नाही, माणूस माणसाकडे पाहतो तसा. मी मनगट टेकवलं.

“बरं झालं,” मी पाठवलं. “ऐकण्यासारखं नव्हतंच काही.”

थोडी सळसळ. मग चार टिंबं आणि दोन टिंबं, पुन्हा चार आणि दोन. मोर्समध्ये हसतात ते असंच. जेरे हसत होता, लंगडत, लांबवत, थांबता थांबेना. आणि गर्दीत दूर कुणीतरी, ज्याला बेंबा येणं शक्य नव्हतं आणि ज्याला उंदराची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यानेही चार आणि दोन वाजवलं. मग दुसऱ्या एकाने. वेगवेगळ्या सुरांत, पण माझ्या चालीने, सगळे हळू.

“मायो,” म्विंगा म्हणाला, “ही नोंद करू का? शून्य आहे.”

“कर,” मी म्हटलं, आणि पुढच्याला बोलावलं.